बार्शी लाईटचा मालडबा जळका का दिसतोय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. बार्शी लाईट रेल्वेचा एक बंद मालडबा तुम्ही १:४८ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या मापात) सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या शीटचा केलाय, तपकिरी स्प्रे मारला, व्हिडिओ बघून सगळीकडे काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) दिला, वर नारिंगी गंज लावला आणि आता तो तुमच्याच शब्दांत "जुना दिसायच्या ऐवजी जळका दिसतोय". तर गंजासाठी नेमका कुठला रंग विकत घ्यावा, असं विचारलंय. फोटो नीट बघितले. कोपरे काटकोनात आहेत, दरवाजा खरोखर सरकतो, म्हणजे हात चांगला आहे. पण नवी बाटली आणून हे सुटणार नाही. हा डबा कुठल्या सालचा, कुठल्या यार्डात उभा आणि काय वाहणारा हे ठरलेलंच नाहीये, म्हणून सगळीकडे सगळंच थोडं थोडं लागलंय.

मी बरीच वर्षं नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांची मॉडेलंच करतोय आणि मला वेदरिंगचा (मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं रंगवण्याचा) एकच नियम कामाचा वाटतो, डब्यावरच्या प्रत्येक डागाला "तू इथं कसा आलास" असं विचारायचं. उत्तर असेल तर डाग ठेवायचा, नसेल तर पुसायचा. बाकी ब्रश, पावडर, एअरब्रश ही सगळी नंतरची गोष्ट.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. डबा रुळावर चालवणार असाल तर पावडर कमी आणि वार्निश जास्त, काचेच्या पेटीत राहणार असेल तर उलट. खोलीत पिवळा दिवा असेल तर तपकिरी रंग लालसर दिसतो, पांढऱ्या एलईडीखाली तोच मातकट दिसतो, म्हणून जिथं ठेवणार त्याच उजेडात रंगवायचं. एअरब्रश नसेल तरी चालतं, खाली जे सांगतोय त्यातलं बहुतेक ब्रशनं आणि स्पंजानं होतं.

सुरुवात बॉडीपासून करू, कारण तुमच्या फोटोत पहिलं खटकतं ते तिथं. ही लाईन १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आताचं कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली, गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज असं करत ती दोनशे मैलांच्या वर गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरचं डोकं असं होतं की कुठल्याही एका ॲक्सलवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग इंजिन असो की मालडबा, म्हणजे हलके रूळ टाकून भागतं. म्हणून तर लीड्सच्या किटसन कंपनीच्या त्या पहिल्या इंजिनांना चाकांच्या चार जोड्या एकमेकींना जोडलेल्या आणि मागं चार चाकांची बोगी (इथं बोगी म्हणजे डबा नाही, चाकांचा वळणारा सांगाडा) होती, वजन वाटून टाकायला. आणि मालडबे २५ फूट लांब, ७ फूट रुंद अशा एकाच मापाच्या प्रेस्ड स्टीलच्या अंडरफ्रेमवर (डब्याखालच्या सांगाड्यावर). हे डबे लीड्स फोर्जचे, सॅमसन फॉक्सची कंपनी, पत्रा तापवून डायमध्ये दाबून आकार द्यायचा ही तिची खासियत.

हे इतिहास म्हणून सांगत नाहीये, याचा तुमच्या डब्याशी थेट संबंध आहे. दाबून केलेल्या फ्रेमचे कोपरे गोलसर असतात, कडेला पत्रा वळवलेला असतो आणि रिव्हेट कमी असतात. तुम्ही अंडरफ्रेमवर रिव्हेटची रांगच्या रांग काढलीय, बहुतेक ब्रॉडगेजच्या डब्यावरून घेतलीय. ती सोलबारवरची, म्हणजे अंडरफ्रेमच्या बाजूच्या लांब तुळईवरची तरी घासून टाका. सोलबारच्या खालच्या कडेला बारीक पट्टी लावून वळवलेल्या पत्र्याचा भास आणा आणि कोपऱ्यांवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. एवढ्यानंच डबा "हलका" दिसायला लागेल, आणि हलकेपणा हाच तर या लाईनीचा स्वभाव.

मापं बरोबर आहेत का तेही बघून घ्या. १:४८ ला २५ फूट म्हणजे साधारण १५९ मिमी आणि ७ फूट म्हणजे साडेचव्वेचाळीस मिमी. १६.५ मिमीचा म्हणजे साध्या एचओचा (१:८७ च्या नेहमीच्या मॉडेल-रेल्वेचा) रूळ या स्केलला खऱ्या ७९२ मिमी इतका येतो, तीस मिमीनं रुंद, डोळ्याला कळत नाही. कुणाला जागा कमी असेल तर १:८७ करून ९ मिमीच्या एन गेज (त्याहून छोट्या मॉडेल-रेल्वेच्या) रुळावर चालवता येतो, तिथं डबा ८८ मिमीच्या आत बसतो, पण वेदरिंग शिकायला मोठं स्केल बरं.

खरी अडचण सनबोर्डची जाडी. ३ मिमीचा सनबोर्ड ४८ पटीत १४४ मिमी होतो, म्हणजे साडेपाच इंच जाड पत्रा झाला! दरवाजा बंद असताना दिसत नाही, उघडला की किल्ल्याची भिंत दिसते. पूर्ण डबा फेकायची गरज नाही, दरवाजाच्या चौकटीची कड आतून तिरकी कापून घ्या, म्हणजे बाहेरून पातळच दिसेल. पुढच्या डब्याला मात्र अर्ध्या मिमीची स्टायरीन (प्लास्टिकची) शीट वापरा. आर्किटेक्चरचं मॉडेल-सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, पुण्यामुंबईत सहज, इतर ठिकाणी ऑनलाइन. आतून चौकोनी पट्ट्यांचा आधार द्यायचा, नाहीतर उन्हाळ्यात बाजू आत दबतात. चिकटवायला एमईके (प्लास्टिक विरघळवून जोडणारं द्रावण), पण खिडकी उघडी ठेवून, आणि घरात लहान मुलं असतील तर बाटली कुलपात. आत वजनही टाका, मी या मापाच्या डब्याला सगळं धरून १५० ग्रॅमच्या आसपास ठेवतो, शिशाच्या किंवा लोखंडी पट्ट्या बोगींच्या मधोमध चिकटवून.

आता साल. १ जानेवारी १९५४ ला ही लाईन सरकारनं घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. त्याच्या आधीचा डबा असेल तर कंपनीची अक्षरं, नंतरचा असेल तर "म रे" (मध्य रेल्वे) आणि इंग्रजी सी आर. तुमच्या डब्यावर एका बाजूला बीएलआर (बार्शी लाईट रेल्वे) आणि दुसऱ्या बाजूला "म रे" आहे, ते गंमत म्हणून केलं असेल तर ठीक. मला विचाराल तर १९५५ च्या आसपासचं साल धरा. जुनी अक्षरं झाकायला मारलेला एक ताज्या रंगाचा चौकोन, आजूबाजूचा रंग उन्हानं उडालेला आणि त्या चौकोनावर नवी पांढरी अक्षरं. एका डब्यात दोन काळ दिसतात आणि त्यासाठी एक थेंबही गंज लावावा लागत नाही. अक्षरं हातानं काढली तरी चालतील, ट्रिपल झिरो (अगदी बारीक) ब्रश आणि थोडा धीर पाहिजे. खऱ्या डब्यावरही पेंटरच हातानं काढायचा, एखादं अक्षर किंचित तिरकं गेलं तर बिघडत नाही. घरच्या इंकजेटवर पांढरा छापला जात नाही, त्यामुळे डेकलच्या (छापून चिकटवायच्या अक्षरांच्या) नादात पैसे घालवू नका.

रंगाबद्दल एक सावधगिरी. जुने कृष्णधवल फोटो बघून "डबा काळाच होता" असं ठरवू नका. त्या काळच्या बऱ्याच जुन्या फोटो-प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही, लाल जवळजवळ काळा यायचा आणि निळा फिकट पांढुरका. फोटोतला काळा डबा खरा गडद तांबडाही असू शकतो. फोटोतून घ्यायचं ते म्हणजे मळ कुठं साठलाय, रंग कुठं उडालाय, दरवाजाच्या कुठल्या भागाला हात लागून लागून चकाकी आलीय. आणि फोटो खऱ्या डब्यांचे बघा. दुसऱ्याच्या मॉडेलचे बघून केलं की त्याच्या सवयी आपल्याकडे येतात, मग सगळ्यांचे डबे एकसारखे गंजलेले.

तुमचा मुख्य मुद्दा, गंज. तुम्ही जे व्हिडिओ बघितलेत ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले असणार, तिथं ओल, बर्फ, समुद्राची खारी हवा. तिथला गंज जाड, पापुद्रे सुटणारा, नारिंगी. सोलापूर, धाराशिव (आधीचं उस्मानाबाद), लातूर हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे. इथं पत्रा गंजतो पण सावकाश, आणि तो गंज पातळ, काळपट चॉकलेटी असतो. ताजा नारिंगी फक्त दोन ठिकाणी शोभतो, पावसाळ्यात नुकता खरवडा पडला असेल तिथं आणि पाणी साचून राहतं तिथं, म्हणजे सरकत्या दरवाजाच्या खालच्या खोबणीत, छताच्या जोडाला, बाजूचा पत्रा अंडरफ्रेमला मिळतो त्या कोपऱ्यात. तुम्ही बाजूच्या मधोमध, उभ्या सपाट पत्र्यावर भलामोठा नारिंगी गोळा काढलाय. तिथं पाणी थांबणारच नाही, मग गंज आला कुठून?

आपल्याकडं गंजापेक्षा ऊन जास्त काम करतं. रंग खडूसारखा पांढुरका पडतो, आधी छतावर, मग बाजूंच्या वरच्या भागात. आणि माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. कुर्डुवाडी-लातूर लाईन मोटामोटी पश्चिम-पूर्व जाते आणि मालडबा काही कुणी मुद्दाम फिरवून लावत नाही, त्यामुळे त्याची एक बाजू बराच काळ दक्षिणेला राहणार. मी माझ्या डब्यांची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फिकट करतो. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत हे त्याच्या डोळ्याला बरं वाटतं.

फिकट करायची सोपी पद्धत अशी. मूळ रंगात पांढरा घालायचा नाही, तो गुलाबी होतो, त्याऐवजी थोडा फिकट बदामी घालायचा. एक हात मूळ रंगाचा, मग बाजूच्या वरच्या अर्ध्या भागावर फिकट रंगाचा अगदी पातळ हात. दुसरी पद्धत जरा धाडसी, लॅकरवालं मॅट वार्निश मारून पूर्ण वाळलं की वर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशनं लावायचं, वार्निश पांढुरकं पडतं आणि उन्हानं उडालेल्या रंगासारखं दिसतं. जास्त झालं तर त्याच वार्निशचा परत एक हात द्यायचा, पांढुरकेपणा निघून जातो. पण हे आधी टाकाऊ तुकड्यावर करा, आणि भर पावसाळ्यात लॅकर वार्निश मारूच नका, हवेतल्या ओलीनं आपोआप पांढरं पडतं आणि तेही नको तिथं.

धुळीचा रंग हा दुसरा मोठा घोळ. तुमच्या चाकांजवळ जी लाल धूळ आहे ती कोकणातली, जांभ्याची. बार्शी-लातूरची काळी माती ओली असताना काळी, पण वाळून उडाली की राखाडी-तपकिरी होते. स्टेशनाच्या यार्डात मुरूम टाकलेला असतो, त्याची धूळ पिवळसर. म्हणजे तुम्हाला दोन धुळी पाहिजेत, खालच्या भागात सगळीकडे राखाडी-तपकिरी आणि पायऱ्या, बोगी, दरवाजाचा उंबरा इथं थोडी पिवळसर. विकतच्या पावडरी महाग पडतात, मी घरचंच वापरतो. गेरू, पिवळी माती, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, थोडी टाल्कम पावडर, आणि खरी माती. सगळं खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचं, एकदा नाही, दोनदा. कारण ०.१ मिमीचा कण १:४८ ला जवळजवळ ५ मिमीचा खडा होतो, आणि डब्याच्या बाजूला खडे चिकटलेले कुणी बघितलेत? लातूरला नातेवाईक असतील तर शेतातली मूठभर माती मागवून घ्या, रंग जुळवायची कटकटच संपते.

पावडर ब्रशनं वरून खाली टेकवत लावायची, घासायची नाही. नंतर वार्निश मारलं की निम्मी पावडर "गायब" होते, म्हणून वार्निश मारायचं असेल तर आधी थोडी जास्त वाटेल इतकी लावा. टोकांच्या भिंतींवर पावसाळी चिखलाचे शिंतोडे पाहिजेत, चाकांच्या रेषेत, खालून वर विरळ होत जाणारे. जुना टूथब्रश पातळ रंगात बुडवून, पेपरवर झटकून, मग अंगठ्यानं उडवायचा.

तो जळका काळा वॉश. पातळ काळा रंग पूर्ण डब्यावर फासला की रंग मेला. त्याऐवजी फक्त फटींत, काळा नाही तर गडद तपकिरी. विद्यार्थ्यांच्या सेटमधल्या ट्यूबचा ऑइल कलरही पुरतो, बर्न्ट अंबर. थोडा पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि रंगाला चकाकी येत नाही. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशचं टोक दरवाजाच्या कडेला टेकवायचं, रंग आपणहून फटीतून पळत जातो. ओघळ काढायचे असतील तर खोबणीखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्या, दहा मिनिटं थांबा, आणि टर्पेंटाइननं जेमतेम ओलसर केलेला चपटा ब्रश वरून खाली एकदाच ओढा. एकदाच. ओघळ वर ठळक आणि खाली विरत जाणारा पाहिजे, आणि एका बाजूला तीन-चार पुरे.

आतापर्यंतचा क्रम एका दमात सांगायचा तर बॉडी दुरुस्त, ऑटोमोबाईलचा करडा प्रायमर, मूळ रंग, उन्हाचा फिकटपणा, अक्षरं, मॅट वार्निश, फटीतला गडद रंग आणि ओघळ, स्पंजानं अगदी थोडे खरवडे, मग धूळ. खरवड्यांना भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा, गडद चॉकलेटी रंग, आणि टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून मगच लावायचा. सनबोर्डला स्प्रे प्रायमर मारताना आधी तुकड्यावर बघा, काही स्प्रे त्याची कापलेली कड खातात.

काम म्हणून तुम्ही काय ठरवताय त्यावर शेवटचे बारकावे. कापूस आणि शेंगा वाहणारा डबा असेल तर हमालाचे हात दरवाजाच्या कडीला, मुठीला आणि उंबऱ्याला लागणार, तिथं रंग घासून आतलं लोखंड चमकतं. ६बी पेन्सिलचं शिसं बोटावर घासून त्या बोटानं कडीवरून फिरवा, यापेक्षा चांगलं लोखंड बाटलीत मिळत नाही. दरवाजाशेजारी खडूनं लिहिलेलं काहीतरी असावं, "लातूर" किंवा नुसता आकडा, अर्धवट पुसलेलं. त्यासाठी पांढरी पेन्सिल टोकदार करून घ्या आणि लिहून झाल्यावर ओल्या बोटानं एकदा पुसा. पंढरपूरच्या वारीच्या गर्दीतली गाडी दाखवायची असेल तर छताचा रंग मधून मधून उडालेला आणि टोकाच्या पायऱ्या घासलेल्या दाखवा, माणसं टपावर बसायची. इंजिनाच्या लगेच मागं लागणारा डबा असेल तर छतावर कोळशाची काजळी, पण मधला किंवा शेवटचा असेल तर अगदीच थोडी.

चाकं आणि बोगी लोक घाईत उरकतात, तसं करू नका. ॲक्सलबॉक्समधून (आसाच्या टोकाच्या तेलाच्या डबीतून) तेल झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणजे झाकणाखाली ओलसर काळा डाग आणि त्याच्या कडेला मातकट किनार. काळ्यात थोडं ग्लॉस वार्निश घालून तेवढाच ठिपका. ब्रेकच्या बिडाची भुकटी उडून चाकांच्या आसपास तपकिरी थर बसतो, गेरूत थोडा कोळसा मिसळला की तो रंग आला. चाकांचा रुळावर टेकणारा भाग मात्र स्वच्छ चकचकीत, दिसायलाही बरोबर आणि चालायलाही.

बोगीची रचना बघायची असेल तर नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज म्युझियमला एकदा जाऊन या. तिथलं सामान सातपुड्याकडच्या लाईनीचं, म्हणून बॉडी कॉपी करू नका, पण गेज तेच आहे, ब्रेकच्या दांड्या, स्प्रिंगा, मधलं कपलिंग हे डोळ्यांनी बघून मोबाईलवर मोजपट्टी ठेवून फोटो काढता येतात. दुसरा आधार म्हणजे इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ ला सुरू झालेली अडीच फुटीच लाईन, तिथंही कॅलथ्रॉपच होता. इंग्रज मॉडेलवाल्यांनी ती बरीच केलीय, त्यामुळे तिची ड्रॉइंग्ज शोधणं सोपं. रचना तिकडून घ्या, माती आपली.

आता हातातल्या डब्याचं काय. फेकू नका. वरचा गंज आणि वॉश ॲक्रेलिकचा असेल तर आयसोप्रोपिलमध्ये कापूस भिजवून हळूहळू पुसून बघा, खालचा स्प्रे बहुतेक टिकेल. नाहीच निघाला तर ४०० च्या पेपरनं ओला घासून करडा प्रायमर मारा आणि परत सुरू. त्याआधी एका कागदावर साल, स्टेशन, महिना आणि माल एवढं लिहून टेबलासमोर चिकटवा. तुमचे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होते असं तुम्ही लिहिलंय, तर घरात कुणाला तरी डब्यांचा रंग आठवत असेल, आधी त्यांना विचारा. पुढचे फोटो टाकाल तेव्हा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा, आणि एक फोटो खालून अंडरफ्रेमचाही टाका.